हिरामणचे डोळे

पेण, ८ ऑक्टोबर १९७३

तीर्थरूप हौसावहिनीस पुंडलिकचा नमस्कार.

दसरा झाला. कारखान्यातली शाडूची धूळ झाडून काढली, साचे धुऊन माळ्यावर टाकले आणि आता हात मोकळे आहेत म्हणून लिहितोय. खरं सांगू का, हात गणपती गेल्यापासूनच मोकळे आहेत. लिहायचं धाडस होत नव्हतं.

आईनं जेवण जवळजवळ सोडलंय. सकाळी वाटीभर पेज घेते, की झालं. एकच धोशा लावलाय, "माझ्या हिराचं पानी कदी सोडणार? मी गेल्यावर?" या श्रावणात दादाला जाऊन बारा वर्षं झाली. भटजी म्हणतात, बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर त्याचा पुतळा करून दहन करतात. पळसाच्या पानांचं अंग, नारळाचं डोकं, डोळ्यांच्या जागी दोन कवड्या. मग दिवस, मग पिंड. कार्तिकातली अमावास्या सांगितली आहे.

वहिनी, मला अजून उमजत नाही. गिरगावच्या मंडळाची एवढी मोठी मूर्ती, डोळे तिथंच मांडवात काढायचे ठरलेले. दादा गेला, ब्रश मांडून ठेवले, चहा घेऊन येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. असल्या हाताचा माणूस! अख्ख्या पेणेत तसे डोळे कुणी काढत नव्हतं. डाव्या डोळ्याची खालची रेघ बाहेरच्या कोपऱ्यात टेकायचीच नाही, केसभर जागा उघडी राहायची, आणि मूर्ती आपल्याकडं बघतेय असं वाटायचं. दार लावून बसायचा डोळ्यांच्या आखणीला. आत फक्त तू, रंग घोटून द्यायला. आम्ही बाहेर ताटकळत. मी अजून तो कोपरा जमवायला बघतो. गिऱ्हाईक म्हणतं, छान आहेत, पण हिरामणचे नाहीत.

तुला यायला हवं. त्या दिवशी तुझ्या कुंकवाचं, बांगड्यांचं जे काय करतात ते मला लिहवत नाही. पण आईकडं बघवतही नाही. दोन्हीकडून माझीच फरफट आहे. तू काय ते सांग.

तुझा
पुंडलिक


रोहा, १४ ऑक्टोबर १९७३

पुंडलिक भावोजींस हौसाचा नमस्कार.

पत्र पोचलं. करा. मी येईन.

तुम्हाला वाटत असेल मी रडेन, नाही म्हणेन. बारा वर्षांपूर्वी म्हटलं असतं. आता थकले, भावोजी. इथं भावाच्या घरी मला कुणी जाच करत नाही, दत्तात्रेयची बायको चांगली आहे. पण हळदीकुंकवाला गेले की बायका कुंकू लावतात आणि ओटी भरायची वेळ आली की एकमेकींकडं बघतात. ही कोण? नवऱ्याची की बिननवऱ्याची? रोज सकाळी आरशासमोर उभी राहते तेव्हा मलाही तेच वाटतं. एकदा काय ते ठरू दे. काही का असेना, ठरलेलं असू दे.

हातात थोडं काम आहे. ते संपवून अमावास्येच्या आधी निघते. आईंना म्हणावं, पेज तरी पोटभर घ्या.

हौसा


पेण, २६ ऑक्टोबर १९७३

वहिनी,

आज लक्ष्मीपूजन आहे आणि मी पाटावर बसायचं सोडून लिहायला बसलोय. बायको आतून ओरडतेय. ओरडू दे. बसून वाच हे.

कुलाब्याच्या एका साडीवाल्या शेठनं लक्ष्मी मागवली होती, ती पोचवायला परवा मुंबईला गेलो. मला वाटलं होतं दुकान म्हणजे दुकान. कॉजवेवर उतरलो आणि डोकं चक्रावलं. दोन्ही बाजूंना ही एवढाली काचेची दुकानं, एका एका भिंतीएवढी काच, आत दिवसाढवळ्या दिवे. दार उघडलं की आतून गार वारा पायावर येतो आणि अत्तराचा वास. गोऱ्या बायका अनवाणी फिरतात आणि आपल्या बायका उंच टाचांवर. एक बाई कुत्र्याला गळपट्टा घ्यायला आली होती, तोही चामड्याचा, नक्षीचा. कुत्रा माझ्याकडं असा बघत होता की मीच बाजूला झालो. खांद्यावर लक्ष्मीची पेटी, धोतराला पिवळ्या रंगाचे डाग, आणि हे लोक माझ्या दोन्ही अंगांनी जातायत, कुणाचा धक्का नाही, कुणाची नजर नाही. इतक्या गर्दीत मी कधी इतका एकटा नव्हतो. पाय दुखायला लागले, पण टेकायचं कुठं? तिथं बसायची सोय फक्त आत, आणि आत जायचं तर काहीतरी घ्यावं लागतं.

शेठचं दुकान सापडलं. बाहेरच्या काचेत प्लॅस्टरच्या तीन बायका उभ्या, पातळ जॉर्जेटच्या साड्या नेसवलेल्या, मान वाकडी, बोटं अशी हवेत. तोंडं मडमेची. मी हसणार होतो. मग डोळे बघितले.

वहिनी, डावा डोळा. खालची रेघ. कोपरा उघडा.

तिघींचाही. मी पेटी खाली ठेवली आणि काचेला नाक लावून उभा राहिलो. वॉचमन आला, "क्या है?" म्हणाला, मी नुसतं बोटानं डोळे दाखवले. ते दादाचे डोळे आहेत. आपल्या गौरीला काढायचा तेच. मी बारा वर्षं तो कोपरा गिरवतोय, माझी चूक होईल का?

शेठला लक्ष्मी दिली आणि विचारलं, या बाहुल्यांचे डोळे कोण काढतं? तो म्हणाला, बाहुल्या नागपाड्याहून येतात, रंगारी कोण ते त्यालाही ठाऊक नाही. एवढंच ऐकलंय की हात फार सफाईचा आहे आणि माणूस कुणासमोर येत नाही. यंदाच आल्यात, रंग अजून ताजा आहे.

कुणासमोर येत नाही! दादाच तो. लाजेनं म्हण, रागानं म्हण, लपून राहिलाय, पण आहे. जिवंत आहे. आईला सांगितलं तेव्हा ती उठून बसली आणि भात मागितला. आमटीभात, दोनदा. भटजींना उद्या कळवतो की पुतळा नको.

तुझं कुंकू राहिलं, वहिनी. दिवाळी गोड कर.

पुंडलिक


रोहा, ३१ ऑक्टोबर १९७३

भावोजी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

एका रेघेवरून माणूस जिवंत धरू नका. रेघ कुणाचीही असते. मुंबईत रंगारी काय थोडे आहेत? आईंना तुम्ही इतक्यात सांगायला नको होतं. भटजींना अजून काही कळवलं नसेल तर कळवू नका, थोडे थांबा.

मला नीट लिहिता येत नाही आज. भाऊबीजेचे पाहुणे घरात आहेत.

हौसा


पेण, ५ नोव्हेंबर १९७३

वहिनी,

तुझं पत्र वाचून मला राग आला, सांगून टाकतो. बारा वर्षांनी नवऱ्याची खूण सापडली आणि तू म्हणतेस थांबा! मग बायकोनं समजावलं की एवढं सोसल्यावर माणूस आशेलाही भितं. तसं असेल तर माफ कर. पण भटजींना कळवून झालं. अमावास्या रद्द.

आई आता अंगणात येऊन बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझा हिरा हाय. मुंबईला मोठ्या दुकानात त्याचं काम हाय." दुकानदार करून टाकलंय तिनं दादाला. परवा भावकीतल्या धोंडुबाईला म्हणाली, आला की हौसाला आणायची, दोघांना माडीवरची खोली द्यायची. मला बाहेर पडवीत. मी म्हटलं, बरं.

आता नवीन हट्ट धरलाय. तिला ते डोळे बघायचेत. धरमतरच्या खाडीपलीकडं ती कधी गेलेली नाही, पाय सुजलेले, दिसतं जेमतेम, आणि हिला कुलाब्याला जायचंय. मी पंधरा कारणं सांगितली. म्हणाली, "तू नाय नेलास तर मी चालत जाईन." १२ तारखेच्या एसटीनं नेतोय. शेठनं सप्लायरचं नाव काढून ठेवतो म्हटलंय, तेही बघून येतो. नागपाड्याला जाईन, हवं तर दारोदार फिरेन.

सोबत कुंकवाची पुडी पाठवतोय, आईनं दिलीय. तिनं स्वतः बाजारात जाऊन घेतली, गेल्या वर्षभरात ती बाजारात गेली नव्हती.

पुंडलिक


रोहा, १० नोव्हेंबर १९७३

पुंडलिक भावोजींस,

पुडी पोचली. ती हातात घेऊन बसले आणि ठरवलं, आता लिहायचंच. हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचावं असं वाटतं. ह्यांना शोधायला नागपाड्याला जाऊ नका. तिथं ते नाहीत.

त्या बाहुल्यांचे डोळे मी काढलेत.

इथं शेजारी सकीना राहते. तिचा नवरा इकबाल, त्याच्या मामाचा नागपाड्याला बाहुल्यांचा कारखाना आहे. चार वर्षांपूर्वी इकबालभाईंनी एक मुंडकं आणून दाखवलं, सगळं सुबक आणि डोळे मेल्या माशासारखे. मला राहवलं नाही. तेव्हापासून गोणीत पेंढा घालून ते मुंडकी आणतात आणि मी डोळे काढून देते. मुंडकी न्हाणीच्या फळीवर सुकत असतात, दत्तात्रेयची पोरं त्यांना आत्या म्हणतात. पेणेला कळू दिलं नाही. सून बाजारच्या बाहुल्या रंगवते म्हटल्यावर आईंना काय वाटलं असतं?

पण एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही. तुम्ही म्हणाल, वहिनीनं दादाचा हात उचलला. म्हणून पुढचंही लिहिते.

भावोजी, तो हात त्यांचा नव्हताच. ते मूर्ती घडवायचे, रंग द्यायचे, अंगाला सोन्यासारखा उजाळा आणायचे, त्यात त्यांना तोड नव्हती. पण डोळ्यांची वेळ आली की बोटं थरथरायची. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत त्यांनी दार लावलं आणि ब्रश माझ्या हातात दिला. मामंजींचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, बाईच्या हातचे डोळे म्हटल्यावर गिऱ्हाईक मूर्ती उचलायचं नाही. म्हणून दार लावायचं. मी रंग घोटायला आत नसायचे.

गिरगावचे लोक आले आणि म्हणाले, डोळे मांडवात, सगळ्यांसमोर. मामंजींनी परस्पर हो म्हटलं. मी ह्यांना म्हटलं, मला सोबत न्या, पडदा लावून घेऊ. म्हणाले, "बाईला घेऊन मांडवात बसू? लोक काय म्हणतील?" निघताना ब्रश पुन्हा पुन्हा पुसत होते. तुम्हाला वाटतं ते कशानं गेले ते कुणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. पण सांगितलं असतं तर त्यांची होती नव्हती ती अब्रू गेली असती, आणि ते परत आले असते तर कुठल्या तोंडानं आले असते? मी त्यांना परत यायला वाट ठेवली होती, भावोजी. बारा वर्षं गप्प बसून तेवढंच केलं.

आता तुम्हाला वाटतंय ते जिवंत आहेत, आणि ते माझ्या रेघेवरून वाटतंय. हे मला सोसवेना. मी गप्प राहिले असते तर कुंकू राहिलं असतं, आईंचा भात राहिला असता. तीन दिवस हाच विचार केला. पण मग आई मेल्या असत्या त्या ह्यांची वाट बघतच, आणि मीही.

आईंना कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. माझं डोकं चालत नाही.

हौसा


पेण, १५ नोव्हेंबर १९७३

वहिनी,

तुझं पत्र आम्ही निघून गेल्यावर आलं. परत आलो तेव्हा ते कारखान्याच्या दाराच्या फटीत होतं. पण तोपर्यंत मला कळलं होतं. कसं ते सांगतो.

आईला घेऊन कॉजवेवर उतरलो. नऊवारी लुगडं, अनवाणी पाय, एका हातात माझं मनगट, दुसऱ्यात काठी. कॉजवे तिला बघून थांबला नाही, पण तीही कॉजवेला बघून थांबली नाही. एका दुकानापुढं उभी राहिली, आत नुसते पट्टे मांडलेले, बाईच्या कमरेचे. म्हणाली, "पुंडल्या, येवढ्या मोट्या घरात पट्टेच? मानसा कुटं रातात?" पुढं एका ठिकाणी काचेच्या दारातून तसाच गार वारा आला तर पदर घट्ट ओढून म्हणाली, "यांच्याकं भादवा सरला नाय अजून." मला हसू आलं.

शेठच्या दुकानापाशी आलो. त्यानं मला ओळखलं, आतून स्टूल आणवून बाहेर दिलं. बसायची सोय झाली एकदाची. आई काचेसमोर बसली. चष्मा पदरानं पुसला, मग काचेला तळहात लावून तोंड अगदी जवळ नेलं. मी बाजूला उभा. मला वाटलं आता रडेल. ती एकेक डोळा न्याहाळत राहिली. खूप वेळ. साड्यांच्या पिशव्या घेऊन बायका बाहेर पडत होत्या आणि तिला वळसा घालून जात होत्या. मग उठली आणि म्हणाली, "चल."

मी म्हटलं, आई, सप्लायरचं नाव घेतो, नागपाड्याला जाऊ. ती म्हणाली, "काय नको. चल घरा." वॉचमन फडक्यानं काचेवरचा तिचा हात पुसत होता.

पनवेलला एसटी थांबली तेव्हा चहा घेताना बोलली. "पुंडल्या, त्ये हिराचं डोलं नाय. हिराचा हात मी बघितलाय. पाटीवर श्री काडायचा तवापासून बोटं थरथरायची त्याची. ह्यो हौसाचा हात हाय." मी बशी खाली ठेवली. म्हटलं, तुला कधीपासून ठाऊक? "पयल्या वर्सापासून. दाराच्या फटीतून दिसायचं." मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर माझ्याकडंच बघत म्हणाली, "बोलले असते तर तुज्या बापानं तिला त्या खोलीत बसू दिली असती काय?"

वहिनी, मी बारा वर्षं दादाचे डोळे गिरवत बसलो. त्याच्यावर जळत होतो, खरं सांगतो, मेला असेल म्हणून रडायचो आणि पुन्हा जळायचो. रोह्याला जाईपर्यंत तू शेजारच्याच खोलीत होतीस. मला कुणी एकदा सांगितलं असतं तर मी तुझ्यासमोर पाटी घेऊन बसलो असतो. आता राग कुणाचा करू? कंटाळा आलाय रागाचाही.

घरी येऊन तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, सगळं. शेवटापर्यंत ऐकलं तिनं. मग भटजींना बोलावून घे म्हणाली. अमावास्या पुन्हा ठरली. भटजींनी नारळ आणि कवड्या काढल्या तर आई म्हणाली, "ह्ये घर मूर्तिकाराचं हाय. नारळ नाय चालायचा." तोंड शाडूचं करायचं, मी करतोय. आणि डोळ्यांसाठी तुला सांगायला सांगितलंय. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, "हिराचं डोलं कायम तिनंच काडलं. ह्ये पन तिनंच काडायचं. दार उगडं ठेवून."

अंग जाळायचं आणि तोंड धरमतरच्या खाडीत सोडायचं ठरलंय. तुझ्या कुंकवाला कुणी हात लावणार नाही, असं आईनं भावकीसमोर सांगितलं. धोंडुबाई काही बोलायला गेली तर काठी आपटली.

येशील ना?

पुंडलिक


रोहा, १९ नोव्हेंबर १९७३

पुंडलिक भावोजींस हौसाचा नमस्कार.

येते. बुधवारी सकाळच्या एसटीनं निघते, दत्तात्रेय सोबत आहे. इकबालभाईंना सांगितलंय की आठ-पंधरा दिवस मुंडकी आणू नका. सकीनानं वाटेसाठी भाकऱ्या दिल्यात आणि उगीच रडली.

तुमचं पत्र वाचून मीही रडले. आई दाराच्या फटीशी उभ्या असायच्या, हे मला ठाऊक असतं तर इतकी वर्षं मला त्या खोलीत इतकं एकटं वाटलं नसतं. आल्यावर त्यांच्यावर रागावणार आहे, आधीच सांगून ठेवा.

कुंकवाचं आईंनी सांगितलं ते ठीक आहे, पण ते माझं मी बघेन. ते लावायचं की नाही हे मला एकदा तरी स्वतःच ठरवायचंय. कारखान्यात राहायचं की रोह्याला परतायचं तेही तिथं आल्यावर बोलू. तुम्ही पाटी घेऊन बसणार असाल तर शिकवीन, पण तुमचा ब्रश धरायचा हात मुळात चुकीचा आहे.

तोंड जास्त वाळवू नका, शाडू थोडी ओलसर असावी. डोळ्यांची जागा मोठी ठेवू नका, त्यांचे बारीक होते. कपाळावर डाव्या बाजूला लहानपणीचा व्रण होता, तो तुम्हीच करा, तुम्हाला जास्त आठवत असेल.

डाव्या डोळ्याचा कोपरा मी उघडा ठेवायचे तो मुद्दाम नव्हता. पहिल्या वर्षी घाबरून हात उचलला गेला, आणि ह्यांना तसाच आवडला, म्हणाले, असाच राहू दे, बघत राहील. मग मी कधी तो मिटवला नाही. मूर्तींचा नाही, बाहुल्यांचा नाही.

ह्यांचा मिटवीन. पुरे झालं आता त्यांनी बघत राहणं. माझा ब्रश मी आणते, तुम्ही फक्त काळा रंग घोटून ठेवा.

हौसा